न बसणारं झाकण

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण बिडाच्या एका तव्याची केस आठवली की मी अजून चाट पडतो.

तेव्हा मी उंब्रज भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपते तोच ऐंशीच्या घरातली एक आजी पिशवी सांभाळत आत आली. मागोमाग तिचा मुलगा, फौजेतून निवृत्त झालेला हवालदार. आजीने टेबलावर दांड्याचा खोलगट तवा ठेवला, शेजारी त्याचं झाकण.

"सायेब, माझा तवा बदललाय. ह्यो माझ्या बाचा न्हवं."

तिचे वडील पलटणीत स्वयंपाकी होते. लढाईवरून परतताना त्यांनी तो तवा आणला होता. जुन्या वस्तू विकणारा हायवेवरचा एक व्यापारी प्रदर्शनात मांडायला म्हणून तो मागून घेऊन गेला आणि काही दिवसांनी त्याने आणूनही दिला.

मुलगा हळूच म्हणाला, "साहेब, मनावर घेऊ नका. आईचं डोस्कं आता ठिकाणावर न्हाई. तवा त्योच हाय. तळाची इंग्रजी अक्षरं बघा, दांड्याचा उडालेला टवका बघा."

अक्षरं होती, टवकाही होता.

"चुलीपाशी जायाची बंदी केलीया मला," आजी म्हणाली. "सोमवारी मिरजंला डोक्याच्या डाक्टरकडं न्येणार हायती. तुमी फकस्त झाकण घालून बघा. ह्ये घरीच ऱ्हायलं हुतं, दुधावर."

मी झाकण ठेवलं. त्याची आतली कड तव्यात उतरेना. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. जराशासाठी अडत होतं.

"वाकलं आसंल," मुलगा म्हणाला. पण बीड वाकत नाही, फुटतं. एवढं मलाही ठाऊक होतं. मी आजीचा जबाब लिहून घ्यायला सांगितला.

दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याच्या दुकानासमोरच्या चहावाल्याने खबर दिली. "सायेब, आत एकसारखं तीन तवं हायती. आन् दर गिऱ्हाइकाला सांगतोय, असा जगात एकच हाय!"

पंच घेऊन गेलो. तिन्ही तवे जप्त केले. तिन्हींच्या दांड्याला टवका होता, तोही एकाच जागी!

व्यापारी मोठा पक्का. "कारखान्याचा माल साहेब, सारखाच असणार."

"आणि टवका? तोही कारखान्यातच उडाला?"

त्याला ठाण्यात आणून बसवलं. मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि फाईल चाळत बसलो. चहा निवला तरी त्याने कपाला हात लावला नाही. शेवटी त्याने कवठे महांकाळकडच्या एका ओतकाम करणाऱ्याचं नाव सांगितलं.

त्या माणसाला आणलं, तर तो कबुली देताना जणू कौतुकाची वाट बघत होता. खरा तवा मातीत दाबून साचा घेतला, मिठाच्या पाण्याने गंज चढवला, सगळं त्याने खुशीत सांगितलं. मी त्याला झाकणाचं विचारलं, तशी त्याने कपाळावर हात मारला.

"वतलेलं बीड निवताना आखडतंय, सायेब. खऱ्यावरनं साचा घेतला की नक्कल जरा ल्हान येनारच. त्येला माझा काय इलाज न्हाई."

मी थक्क झालो. अक्षरं चोरली, टवका चोरला, एवढ्या वर्षांचा गंजही चोरला. पण लोखंडाने एवढीशी जागा त्याच्या हाती लागू दिली नाही. आणि त्या एवढ्याशा जागेवर एका म्हातारीचं शहाणपण टिकून होतं.

खरा तवा व्यापाऱ्याच्या घरी माळ्यावर सापडला. ओळख पटवायला आजीला बोलावलं. तिने पंचांसमोर झाकण ठेवलं. ते अलगद आत उतरलं. मग तिने एका बोटाने ते फिरवलं, तर गरकन फिरलं. पंचनामा लिहिणारा ठाण्यातला हवालदार लिहायचं विसरून बघत राहिला.

आजी मुलाकडे वळली. "सोमवारी मिरजंला जायाचं हाय न्हवं?"

त्याला मान वर करवेना. "न्हाई आई. सोमवारी थालपीट तूच लाव. मी चूल पेटवतो."

त्यानंतर ठाण्यात कुणी "हिचं मनावर घेऊ नका" म्हणालं, की मी आधी तिच्यासाठी खुर्ची मागवत असे.