बंब जाईल एवढी वाट

जगाच्या रुंदीचा आमच्या साडूंइतका विचार केलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. उंचीचा विचार करणारे पुष्कळ. मुलीला स्थळ बघणारे सगळे तेच करतात. खोलीचा विचार आमच्याकडे बोअर घेणारा प्रत्येक जण करतो. पण रुंदी! कुणी घर बांधलं की साडू घराकडे बघतच नाहीत, ते घर आणि समोरचं घर यांच्यामध्ये उरलेल्या जागेकडे बघतात. वास्तुशांतीचं जेवून लोक "हॉल छान झाला" म्हणत असतात, तेव्हा साडू फाटकात उभे राहून मान हलवत असतात. "घर लई झ्याक हाय," ते म्हणतात, "पण पेटलं तर बंब कुठून आनायचा?" घरधन्यानं तोंडाकडे नेलेला विडा तसाच हातात राहतो.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. तालुक्याच्या गावी नगरपालिकेत नोकरीला. गणपती, देवी, जयंती, उरूस, लग्न, बारसं, पुढाऱ्याचा वाढदिवस, ज्याला म्हणून रस्त्यात मांडव घालायचा आहे त्याची परवानगी साडूंच्या टेबलावरून जाते. दुसरीकडे हे काम अर्ज आणि शिक्क्यावर भागतं. साडूंनी त्यासाठी एक बांबू तोडून घेतला होता. आग विझवायच्या बंबाची रुंदी, दोन्हीकडचे आरसे धरून, वर एक वीत, एवढा लांब. तो छातीशी आडवा धरायचा आणि मांडवाच्या बाजूनं सरळ चालत जायचं. बांबू कुठं टेकला नाही तर सही, टेकला तर मांडव मागे. आता असा बांबू आडवा धरून माणूस भर बाजाराच्या दिवशी जुन्या पेठेतून निघाला की काय होतं ते बघायलाच हवं. रिक्षा उलट्या जातात, भाजीवाल्या टोपल्या पोटाशी घेतात, म्हशी मात्र हलत नाहीत. एकदा ते हा बांबू घेऊन एसटीनं आमच्याकडे बीडला आले. कंडक्टर म्हणाला, "काका, ह्याचं अर्धं तिकीट काढा." साडू म्हणाले, "पूर्ण काढतो, पन त्याला उभं करू नका." आमच्या कॉलनीचा रस्ता मोजून झाल्यावर त्यांनी चहासुद्धा जरा नाराजीनंच घेतला.

माझ्या मुलीच्या लग्नात गुरुजींनी मंगलाष्टकाला सूर लावला आणि साडूंनी हात वर केला. स्टेज हातभर पुढं आलं होतं. नवरा-नवरी, अंतरपाट, दोन्हीकडचे मामा, सगळे खाली उतरले, स्टेज मागे ढकललं, आणि मग अक्षता पडल्या. व्याही अजून मला त्यावरून टोमणे मारतात. गणपती मंडळाची पोरं गयावया करायची, "काका, चार बोटांचा प्रश्न हाय हो." साडूंचं उत्तर ठरलेलं, "आगीला चार बोटंच लागत्यात." एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची कमान त्यांनी सकाळीच उतरवली. पुढाऱ्याचा फोन आला. मी त्या दिवशी कचेरीतच होतो, सगळ्यांबरोबर कान टवकारून बसलो. साडू खुर्चीतून उठून, फोनला नमस्कार करून म्हणाले, "साहेब, कमान तुमची हाय. खालून जानारा बंब समद्यांचा हाय. तुमच्या घरचापन." कमान परत उभी राहिली नाही.

यावरून कुणाला वाटेल की माणूस रुक्ष असणार. छे! गावात कुठं हलगी वाजली की साडूंचे पाय आधी हलतात. लेझीम खेळताना त्यांची टोपी कधी डोक्यावर टिकली नाही. देवीच्या यात्रेत पाळण्यात बसून ओरडणारा, रेवड्या खाणारा, हरवलेल्या लेकरांची नावं भोंग्यावरून सांगणारा माणूस एकच. "यात्रा व्हायलाच पायजे," ते म्हणत, "गाव कशाला असतंय मग? फकस्त वाट ठिवा."

अशा या माणसाच्या सचोटीत एक खोट होती आणि ती फक्त मला ठाऊक होती, असं मी समजत होतो.

आमची सासुरवाडी जुन्या पेठेतच. दोन खोल्यांचं घर आणि पुढं दगडी ओटा. सासूबाईंना आम्ही दोघंही जावई मामी म्हणतो. या ओट्यावर बसून मामींनी पेठेतल्या तीन पिढ्यांच्या हातात बांगड्या भरल्या. नागपंचमी आली, संक्रांत आली, कुणाचं डोहाळजेवण असलं की बायका ओट्यावर दाटीवाटीनं बसत. बांगड्या अर्धा तास, गप्पा दोन तास. कुठल्या लेकीला सासरी त्रास आहे, कुणाची सून रुसून गेली, सगळं मामींना मनगट हातात घेतल्यावर कळायचं. हा ओटा रस्त्यात आला होता. चांगला हातभर.

साडू बांबू घेऊन पेठेतून येताना मी कितीदा बघितलं. पानटपरीपाशी आडवा, विजेच्या खांबापाशी आडवा, देवळाच्या पायरीपाशी आडवा. मामींचं दार आलं की बांबू उभा. वर बघत चार पावलं टाकायची आणि पुढं पुन्हा आडवा. एकदा मी न राहवून विचारलंच. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "पाव्हणं, सासुरवाडीच्या दारात काठी आडवी धरायची व्हय? शोभतंय का?" मी मान डोलावली. मीही त्याच घरचा जावई.

यंदा नगरपालिकेला नवा बंब मिळाला. जुना कित्येक वर्षं कचेरीमागं टायर बसून उभा होता. मुख्याधिकारी मॅडम नव्या, वयानं तरुण आणि कामाला कडक. त्यांनी सांगितलं, नवा बंब पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघून दाखवला तर देवीची यात्रा पेठेत. नाहीतर यंदापासून यात्रा गावाबाहेरच्या मैदानावर. पेठेच्या काळजाचा ठोकाच चुकला. यात्रा मैदानात गेली तर पेठेत उरणार काय? साडूंनी बंबाची मापं मागवली, नवा बांबू तोडला, पेठ पुन्हा मोजली आणि लिहून दिलं: 'बंब विनाअडथळा जाईल.' मामींच्या दारात बांबू उभाच होता. तो माणूस खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत त्या चार पावलांची जागा त्याच्या हिशेबातूनच पुसली गेली होती.

आणि बंब आला! आमच्याकडे नवं वाहन येतं ते काय गुपचूप येतं? झेंडूचे हार, नारळ, समोर बँड, सवाष्णींनी चाकांवर पाणी घातलं, बंबाला कुंकू लावलं. मी खास बीडहून गेलो होतो. सगळ्यांच्या पुढं उलटी पावलं टाकत साडू, तोंडात शिट्टी, अंगात नवा सदरा. पानटपरी आली, बंब सुटला, पेठ ओरडली. खांब आला, आरसा आणि खांब यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली, पेठ पुन्हा ओरडली. देवळाच्या पायरीपाशी तर लोकांनी गुलाल उधळला. मीसुद्धा गळा फाटेस्तोवर ओरडलो, खोटं कशाला सांगू? बँडवाल्यांनी चाल बदलली. आणि मामींचं दार आलं.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. "काका, वटा!" तो म्हणाला. बँड एकेक वाद्यानं थांबला. मागे माणसांची भिंत, त्यामुळे बंब उलटाही जाईना. मॅडम खाली उतरल्या.

"हे तुम्ही मोजलं नव्हतं?"

साडूंनी शिट्टी तोंडातून काढली. चेहरा पांढराफटक. त्यांना पळवाटा होत्या. ओटा नंतर वाढवला म्हणता आलं असतं.

"न्हाई मॅडम," ते म्हणाले. "समदं मोजलं, हितं मोजलं न्हाई. हितं मी काठी उभी धरतो."

"कावून ओ?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"सासुरवाडी हाय."

कुणी हसलं नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "मग यात्रा मैदानावर न्यावी लागेल, काका."

ओट्यावर मामी एका नव्या नवरीचा हात भरत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "थांबा जरा. हिचा हात भरू द्या." बंब थांबला, मॅडम थांबल्या, पेठ थांबली. शेवटची बांगडी चढली, नवरीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा मामी खाली उतरल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमी काठी उभी धरता ते मी लई वर्सं बघतेय. मला वाटायचं, आज आडवी धरतील, उद्या धरतील. धरली असती तर मीच म्हनले असते, काढा वटा. तुमी धरली न्हाई, मी बोलले न्हाई. दोगं बी चुकलो." मग आत वळून म्हणाल्या, "पहार आना." आणि साडूंकडे बघून, "पहिला घाव तुमचा."

साडूंनी पहार घेतली खरी, पण ती वर जाईना. ज्या हातांनी पुढाऱ्यांच्या कमानी उतरवल्या त्याच हातांनी ती पुन्हा खाली टेकवली. मी पुढं होऊन पहारेला हात लावला. दोन जावयांनी मिळून सासूचा ओटा फोडायला घेतला आणि मग पेठेतली सगळी माणसं दगड उचलायला धावली. बँडवाल्यांना गप्प बसवेना, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मॅडमनी स्वतः दोन दगड बाजूला ठेवले. बंब निघाला, पेठेच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्यानं पाण्याचा फवारा आकाशात सोडला. असला जल्लोष मी त्या पेठेत कधी ऐकला नव्हता. साडू भिजून चिंब झाले होते. ते रडत होते की नाही ते मला सांगता येणार नाही.

यात्रा पेठेत झाली, दणक्यात झाली. पाळणा बसला, वाट राहिली.

मी दिवाळीनंतर गेलो तेव्हा दारापुढं नुसता रस्ता होता. बांगड्या भरायला बायका येतात, पण उभ्या राहतात, हात भरतात आणि निघतात. बसायला जागा नाही तर बोलायचं कुठं? बऱ्याच जणी आता मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जातात. साडूंनी एकदा प्लॅस्टिकची खुर्ची आणून दारात मांडली. मामी बसल्या नाहीत. "उचला ती," म्हणाल्या, "बंब कुठून जाईल?"

साडूंनी खुर्ची उचलली. तेव्हापासून कचेरी सुटली की ते सरळ मामींकडे जातात आणि आत, उंबऱ्याच्या अलीकडे, त्यांच्याजवळ जमिनीवर बसतात. तिथून रस्ता दिसत नाही. बाहेर कुणाच्या बांगड्या वाजल्या की मामी कान देतात आणि सांगतात, ही अमक्याची धाकटी, माहेरी आलेली दिसते. साडू उठून दारातून डोकावून बघतात आणि "व्हय मामी, तीच हाय," म्हणतात. मी होतो त्या दिवशी मीही त्यांच्या मागून डोकावलो, ती भलतीच कुणी होती. साडू दारातून वळून म्हणाले, "व्हय मामी, तीच."