महबूब मामांनी खोडलेले दोन विजय

आमच्या मांडवगण फराट्यात महबूब मामा दिवसभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात आन् संध्याकाळी आम्हा पोरींना कबड्डी शिकवतात. स्वतः खेळायचे, पण गुडघा गेला. आता लंगडत मैदानाच्या कडेनं फिरतात आन् आमच्या चुका शोधतात.

मॅच ठरवायची त्यांची तऱ्हा साऱ्या जगापेक्षा उलटी. बाकीचे कोच सोपं गाव हुडकतात. मामा फोन लावून विचारणार, "तुमच्याकडं समद्यात तगडा संघ कुठला? त्यांचाच नंबर द्या." आम्ही कुरकुरलो की ठरलेलं वाक्य, "वासरांत लंगडी गाय शहाणी व्हायचंय का तुम्हाला?" त्यामुळं यंदा पाबळकडून हरलो, बारामतीकडून हरलो, दौंडकडून तर एका गुणानं हरलो. नऊपैकी सहा जिंकल्या, तीन गेल्या.

जिल्हा स्पर्धेच्या अंतिम फेरीला चारच संघ घ्यायचे होते, आन् ते निवड समिती हंगामातले निकाल बघून ठरवणार होती. पाबळ, बारामती आन् दौंड पक्के झालेले. चौथ्या जागेला आम्ही आन् हायवेकडचा एक संघ. त्यांनी नऊच्या नऊ जिंकलेल्या. वयाच्या अटीत माझं हे शेवटचं वर्ष. सात वर्षं गुडघे फोडून घ्यायचे आन् शेवटी कागदावर बाद व्हायचं, माझं डोकंच फिरलं. बैठकीच्या दिवशी सकाळीच मी मामांवर तोंड सोडलं, "चार सोप्या मॅच घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"चहा घे," मामा म्हणाले.

बैठक दौंडला होती. संघनायिका म्हणून मामांनी मला बरोबर नेलं. समितीचे अध्यक्ष आमच्याच गावचे बागायतदार, आनंदराव आबा. ते म्हणाले, "महबूब, आपल्या गावाची बाजू घेतली असं व्हायला नको. त्यांचा कागद भारी हाय."

मामा उठले. "आबा, आधी आमच्या सहातल्या दोन खोडा. एका संघाच्या पाचच पोरी आल्या होत्या. दुसऱ्यांच्या चांगल्या पोरी दहावीच्या पेपरला बसलेल्या. त्याला काय जिंकणं म्हणायचं?"

हात दाखवून अवलक्षण! मला तर तिथंच रडू फुटायच्या बेतात होतं. आबांनी दोनदा विचारलं आन् दोन विजय खोडले.

मग मामा म्हणाले, "आता हाच नियम समद्यांना लावा. कोण कुणाशी खेळलं, ते ज्यानं त्यानं सांगावं."

हायवेकडच्या संघाचे सुदर्शन सर भला माणूस. त्यांनी आपली यादी पुढं ओढली आन् स्वतःच पेन चालवलं. कुठं अर्धा संघ, कुठं पहिल्यांदाच खेळणाऱ्या पोरी. नऊतल्या सहा गेल्या, तीन उरल्या. तवा समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "मांडवगणच्या पोरी हरल्यात त्या फक्त आपण आधीच निवडलेल्या तीन संघांशी. आणखी काय बघायचं राहिलं?"

आबांनी चौथं नाव लिहिलं. सुदर्शन सरांनी मामांशी हात मिळवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, आन् फक्त आपल्याच दोन खोडल्या असत्या तर?"

"तर तू शिव्या दिल्या असत्यास. त्या तर सकाळीच खाऊन झाल्या होत्या."

अंतिम फेरीच्या दिवशी माईकवरून प्रत्येक संघाचे निकाल वाचून दाखवले. "मांडवगण फराटा, चार विजय, तीन पराभव." कुणीतरी फिदीफिदी हसलं. हसू दे की. चौघांत समद्यात कमी विजय आमचे होते, आन् त्यातला एकही फुकटचा नव्हता. एवढा अभिमान मला उभ्या जन्मात कशाचा वाटला न्हाई.

मामा जवळ आले. "स्नेहल, पहिलीच मॅच पाबळशी हाय. बदलून सोपी मागू का?"

मी म्हटलं, "मागून तर बघा."