साहेबांनी धरलेली चौकट

कोंडिबाआबा आमच्या घरात कधी आले नाहीत. वसाहतीत त्यांची फेरी असायची, पण ते अंगणात उकिडवे बसून चहा प्यायचे, तोही आमच्या भिंतीकडे पाठ करून. "आबा, आत या की," असं बायकोनं म्हटलं, की उत्तर ठरलेलं असे. "ज्याची चौकट मानसानं बसवली न्हाई, त्या घरात मी वाकून शिरू व्हय?"

आबा टाकवे बुद्रुकचे गवंडी. लोणावळ्यातले कितीतरी दगडी बंगले त्यांच्या हातचे. मावळातले बहुतेक गवंडी त्यांच्या नात्यातले, नाहीतर त्यांच्या हाताखाली शिकलेले. साठच्या दशकात कारखान्यानं आमची वसाहत बांधायला काढली, तेव्हा जोत्यांचं काम आबांना मिळालं. वरच्या भिंती मात्र साच्यात ओतलेल्या, सिमेंटच्या, ट्रकमधून तयार यायच्या होत्या.

मी हिशेबी माणूस, म्हणून दोन्ही बाजू मांडतो. आमच्या घराच्या भिंती एका दिवसात उभ्या राहिल्या. तेवढ्याच दगडी घराला अख्खा उन्हाळा पुरला नसता, आणि खर्चही जास्त आला असता. उलट, वैशाखात आमचं घर भट्टीसारखं तापायचं आणि पावसाळ्यात सांध्यांतून ओल झिरपायची. हे सांगितलं की आबा खुलायचे. "गळतंय? लय झ्याक!"

पण त्यांचा खरा राग भिंतींवर नव्हता. मावळात चौकट उभी करायच्या दिवशी मालक गवंड्याला फेटा बांधतो. वसाहतीत तो दिवस आला, तेव्हा आबा धुतलेलं धोतर नेसून हजर झाले. वसाहत बांधणारे इंजिनियर साहेब सगळ्यांसमोर हसले. "चौकट भिंतीतच बसून आलीय. आता तुमचं काय काम?" आणि त्यांनी फेटा क्रेनवाल्याच्या डोक्याला बांधला. आबा निघाले. जाताना मला एवढंच म्हणाले, "भाऊ, ह्यो कवातरी सोताचं घर बांधंल."

काही वर्षांनी साहेबांनी लोणावळ्यात बंगला काढला. स्वतःसाठी त्यांना तयार भिंती नको होत्या, काळा दगडच हवा होता. आबांनी ते काम मुकाट्यानं घेतलं. दोन दगडांमध्ये नख शिरणार नाही असं जोतं बांधलं. मग चौकट उभी करायच्या आदल्या दिवशी थापी धुतली आणि घरी जाऊन बसले. चौकटीशिवाय भिंत वर चढेना, आणि आबांनी सोडलेल्या कामाला मावळातला एकही गवंडी हात लावेना. पावसाळा तोंडावर आला. शेवटी साहेब टाकव्याला गेले. आबांशी ओळख म्हणून मलाही सोबत नेलं.

"काय हवं ते मागा, आबा."

"काय बी नको. चौकट तुमी धरायची."

"आबा, चौकटीला टेकू लावतात ना?" मी म्हणालो.

"टेकू लय म्हाग झालेत, भाऊ."

दुसऱ्या दिवशी साहेब सागवानी चौकट दोन्ही हातांनी धरून उन्हात उभे होते. आबा निवांत एकेक दगड बसवत होते. मधूनच ओळंबा लावायचे आणि मान हलवायचे. "जरा डावीकडं. न्हाई, पुन्यांदा उजवीकडं. हलू नका साहेब, क्रेन हलत न्हाई." बिगारी तोंड फिरवून हसत होते. साहेबांनी पाणी मागितलं. "एवढा थर होऊ द्या," आबा म्हणाले. दिवस कलला तेव्हा साहेबांचे दंड थरथरत होते. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांनी बांधलेल्या भट्टीत मी राहत होतो.

बंगला पुरा झाला, फार देखणा झाला. आणि साहेब येईल त्या पाहुण्याला दारातच थांबवून सांगू लागले, "ही चौकट मी स्वतःच्या हातांनी उभी केली आहे!" सांगताना त्यांची छाती फुगायची.

हे आबांच्या कानावर गेलं, आणि त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तेव्हा आवाज पार खोल गेला होता. मला ओळखलं, जवळ बसायची खूण केली.

"सायेब आजून सांगतोय का?"

"सांगतात."

आबांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आजून दोन दिस उभा करायला पायजे हुता."