नातीच्या टाचेवरचं मुठेल

नातीच्या टाचेवर मी कढत मुठेल ओतलं आणि तिने पाय ओढला नाही. कातडी लाल झाली. ती भिंतीला टेकून वहीत बघत होती.

"लावलंस मा गो, आजये?" तिने विचारलं, तेव्हा मी तेलाचं भांडं खाली ठेवलं.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. गार झालं की गोठतं, मुठीत वळून ठेवायचं आणि पाय चोळताना कोमट करायचं. मी मुद्दाम कढत घेतलं होतं. पोर खोटं बोलते असा माझा संशय होता. माणूस तोंड सांभाळतो, पायाची बोटं त्याला सांभाळता येत नाहीत. मी बोटांकडे बघत होते.

ती पुण्याला शिकते. मे महिन्यात वह्या घेऊन घरी आली. नसेला चरबीची पातळ साल असते, तिच्यातून स्पर्शाचा निरोप घेऊन एकेकटी लाट जाते, तिचं गणित मांडते म्हणाली. ना औषध, ना रोगी. मी चौथीपर्यंत शिकले. असलं काम मला पटेना.

"दुप्पट ढकललंस म्हणान लाट दुप्पट होवची नाय," ती सांगायची. "हद्दीच्या आत कायच नाय, हद्द गेली की पुरी लाट. साल ह्या मुठेलासारखी, गोठता गोठता ऱ्हवलेली. म्हणान लाट फुटना नाय."

"न फुटणारी लाट मी दर्यार कधी बघूक नाय."

"ती दर्याची. ही तुझ्या पायातली."

परतीचं तिकीट सोमवारचं होतं. शनिवारी म्हणाली, पायात मुंग्या येतात. रविवारी म्हणाली, पाय कळत नाहीत.

"पायातलां सांगतंस काय वहीतलां?"

ती हसली. मला वाटलं, गणित जमलेलं नाही, आता जायचं टाळते. मुलगा तिला दवाखान्यात न्यायला गाडी काढत होता. त्याला मीच थांबवलं. "सोंगा करता ता," म्हटलं. त्याने ऐकलं. सोमवारी सकाळी तिनेच पाय चोळायला सांगितले, म्हणून मुठेल तापवलं.

मग लगेच गाडी काढली. गोव्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत तिचे हातही गेले, श्वास तोकडा झाला. घशात नळी घालून मशीनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं आहे. मी विचारलं, रविवारी आणली असती तर? ते म्हणाले, बरं झालं असतं.

सून माझ्यापासून लांब जाऊन बसली. मी बाहेर बाकावर बसून राहिले. कोणी काही सांगितलं तरी खरं वाटत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी श्वासाचं मशीन काढलं, तेव्हा आत जाऊन तिची छाती हलते का ते स्वतः बघितलं.

हलत होती. ती वाचली.