तांड्यावर नेलेला पडदा

लिहिण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा राग पोटात ठेवून अभ्यास होत नाही, म्हणून लिहितो.

यवतमाळहून सकाळच्या एसटीने दिग्रसला निघालो. मांडीवर पाण्याने भरलेला डबा, त्यात आमच्या प्रयोगशाळेत वर्षभर खपून बनवलेला पॉलिमरचा पडदा. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. पाणी त्यातून जातं, फवारणीचं औषध अलीकडेच अडतं. अट एकच: तो ओला राहिला पाहिजे. वाळला की तडकतो. दारव्ह्यापुढे गाडी खड्ड्यात आदळली आणि पँट भिजली. कंडक्टरने विचारलं, “मासोळ्या नेऊन राह्यला काय?”

दिग्रसहून ऑटोने तांड्यावर (बंजारा वस्तीवर) पोचलो. विहिरीच्या काठावर फवारणीचे पंप धुऊन धुऊन तिचं पाणी नासलं होतं. पिण्यासाठी टँकर यायचा. तांड्यावरच्या कमलाबाईंनी आधी भाकर आणि ठेचा वाढला. त्यांची सून पोटुशी होती. तिला टँकरमागे हंडे घेऊन पळावं लागू नये, एवढंच त्यांचं मागणं.

मी डबा उघडला. नायक (तांड्याचे प्रमुख) म्हणाले, नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. त्यांनी पडदा काढून ताटात मांडला, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. सुरुवात पुढाऱ्यांच्या हस्ते व्हायची होती. पडदा पाण्यात ठेवावा लागतो, असं मी पुटपुटलो. पाहुणे येतच आहेत, असं उत्तर मिळालं. पाहुणे दोन तासांनी आले. तोवर ताट उन्हात.

विहिरीच्या पाइपात पडदा बसवताना मला त्यावर केसाएवढी चीर दिसली. पाणी चिरेतून भराभर आलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पुढाऱ्यांनी ग्लास नुसता ओठाला लावला. कमलाबाईंनी ओंजळ नाकाशी नेली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “पोरा, वास तं तोच येऊन राह्यला. तू शिकेल आहे, तू सांग ना या लोकायले.”

तेवढ्यात दोन शब्द बोलायला माइक माझ्याच हातात दिला. मी सगळ्यांचे आभार मानले.

परतीच्या गाडीत मला पुढाऱ्यांचा राग आला, नायकांचा आला, आणि यवतमाळ जवळ आलं तसा फक्त स्वतःचा उरला. प्रयोगशाळेतल्या सरांना सगळं खरं सांगितलं. पडद्यातून आलेलं थोडं पाणी मी बाटलीत भरून आणलं होतं; तपासलं तर त्यात औषध जसंच्या तसं निघालं. तसं पत्र पंचायतीला पाठवलं. उत्तर आलं नाही.

काल कमलाबाईंचा फोन आला. विहीर शुद्ध झाली असं कागदावर लिहून टँकर बंद केलाय. मी सुनेची चौकशी केली.

“तेच पाणी पिऊन राह्यली,” त्या म्हणाल्या.