काठावरचा दगड

मंडळी, आत्ताच कोकणातल्या किनाऱ्यावरून परतलोय.

वादळाचा लाल बावटा लागला होता. तरी ओहोटीच्या वाळूत एक कुटुंब चटई टाकून जेवत होतं. माझे वडील, आबा, त्यांच्यावर ओरडले, "उठा! पाणी माघारी येतंय!" ती मंडळी कुरकुरत उठली. थोड्याच वेळात तिथं कमरेइतकं पाणी होतं.

परतताना आबा त्यांच्या थोरल्या भावाबद्दल पहिल्यांदाच बोलले. "पंचावन-छप्पन साल असंल. बावड्याहून आमी समुद्र बघाय आलो. आमच्याकडं भीमेला पूर आला की काठाला दगड ठेवायचा. पाणी दगडाखाली गेलं की पूर सरला. थोरल्या दादानं हितंबी दगड ठेवला. पाणी खाली गेलं, तसा दादा वाळूत निजला. भरती कुणाला ठावी हुती?"

"तुम्ही कुठं होता?"

"शेजारीच. दगडाकडंच बघत हुतो. पाणी पाठीमागच्या खोलगटातनं आलं, दादाला घिऊन गेलं."

मंडळी, समुद्रावर तुम्ही पाठीमागं बघता का?