भाटघरच्या गाळातलं व्हेनिस

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका हट्टी माणूस भोर संस्थानात दुसरा झाला नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याला सारी वाडी हट्टी म्हणते. दाजी लढाईवरून, इटलीतून परतले ते डोक्यात व्हेनिस घेऊनच. रजेवर एक दिवस तिथं जाऊन आलेले, पण बोलायचे असे की शहराचा पाया यांनीच घातला. जेवताना भाताभोवती आमटी ओतून सांगायचे, "ही खाडी. घोड्यांवरनं लुटारू आले तवा लोक हितं चिखलात पळाले. घोडं चिखलात फसतं! मग मीठ-मासळीवर जगले, गाळात झाडांचे सोट ठोकले, त्यावर दगड, त्यावर वाडे. रस्त्याच्या जागी पाणी. अन् राजा न्हाई, मुख्य माणूस लोकच निवडायचे!" हे आलं की बहीण उठून दार लावून घ्यायची, संस्थानात राहायचं होतं आम्हाला.

आमची जुनी वाडी भाटघरच्या धरणात गेलेली, नवी पाण्याच्या काठावर. भोरचा बाजार गाठायचा तर होडी, आणि होडीपर्यंत मांडीइतका गाळ. आजारी माणूसही त्यातूनच न्यायचा. कंटाळून निम्मी घरं सामान बांधायला लागली. ती गेली की वाडी मोडलीच. दाजींनी सोट ठोकून होडीसाठी धक्का बांधायला घेतला.

मी म्हटलं, "दाजी, लाकूड कुजंल."

"पावणं, हवा लागली तर कुजतं. गाळात गाडलेलं न्हाई."

चैत्रात धरण उतरलं आणि दाजींचं व्हेनिस कोरड्यात उभं राहिलं. म्हशी त्याला अंग घासू लागल्या. "दाजी, तिकडंबी म्हशी हायत व्हय?" लोक विचारायचे. दाजी दिवसभर गाळात काठी खुपसत हिंडले, बहीण घाबरलीच. दुसऱ्या दिवशी उतरलेल्या पाण्याच्या कडेला नवे सोट. "समुद्र जागा सोडत न्हाई, धरण सोडतं. आपण त्याच्या मागं जायाचं." मीही घण घेऊन गेलो. मदतीला नव्हे, वाकडा सोट मला बघवत नाही म्हणून. मग बांधलेली गाठोडी तशीच टाकून बाकीचे आले. उन्हाळ्यागणिक धक्का पायरी पायरीनं खाली उतरत गेला.

दाजी आता नाहीत. सोटांची डोकी कुजली. मी म्हणालोच होतो. परवा पाणी उतरल्यावर एका सोटाच्या बुडाशी गाळ उकरला, नखानं टोकरून पाहिलं. ठणठणीत. वर वाडीत कुणाच्या तरी नव्या घराचा पाया खणत होते, त्याचा आवाज येत होता. मी गाळ पुन्हा सोटाभोवती नीट दाबून बसवला. हवा लागायला नको.